मॅडम, मी एलिजिबल तरी आहे का?

मी समुपदेशक. मे-जून आला की माझ्याकडे हा प्रश्न यायला लागतो. बायोकेमिस्ट्री, मायक्रो, बायोटेक, मॉलिक्युलर बायॉलॉजी, एमएस्सी कशातही असू दे, मुलं येतात (जास्त करून मुली), शेजारी आई नाहीतर बाबा, आणि पाच मिनिटांत गाडी तिथेच येऊन थांबते, की पुढे पीएचडी करायची आहे पण एवढ्या अटी आहेत, मी त्यात बसते का, आणि नाही बसले तर काय. आमच्या वडोदऱ्यात तर हे जरा जास्तच. इथे एमएस युनिव्हर्सिटीत 1955 पासून बायोकेमिस्ट्रीचा वेगळा विभाग आहे, त्यामुळे दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत कुणाची तरी आत्या नाहीतर भाचा तिथून शिकून गेलेला असतो. आणि तो भाचा आता फोनवरून सल्ले देतो.

प्रत्येकाला वेगवेगळं सांगून दमले, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते, एका मुलीच्या निमित्ताने. तिला आपण सई म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात, आणि तिला विचारूनच लिहितेय.

सईने बीएस्सी इथेच केलं आणि बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी बाहेरगावी. पहिल्यांदा आली तेव्हा बाबा बरोबर होते, रिफायनरीतून नुकतेच रिटायर झालेले. "ताई, आम्ही मध्ये बोलणार नाही, तुम्ही आणि ती काय ते ठरवा" असं म्हणाले आणि पुढची पंधरा मिनिटं तेच बोलत होते. त्यांचा मुद्दा एकच होता, एकूण किती वर्षं? म्हणजे मुलगी कमावती कधी होणार. हा प्रश्न चुकीचा नाही हो, घर चालवलेल्या माणसाचा प्रश्न आहे तो, फक्त तो सईच्या तोंडावर इतक्या वेळा विचारला गेला होता की तिला त्यात 'तू अजून कशी नाही झालीस' एवढंच ऐकू यायचं.

दुसऱ्या वेळी ती एकटी आली आणि पर्समधून एक्सेलची प्रिंट काढली. तीन पानं सेलोटेपने जोडलेली, घडी उलगडली तर माझं टेबल भरलं. एकाखाली एक ओळी, एक रकाना इंडियाचा, एक अमेरिकेचा, झालेलं हिरवं, न झालेलं लाल. हिरव्यात दहावी, बारावी, बीएस्सी, एमएस्सी 61 टक्के. बाकी सगळं लालभडक.

"हे रोज बघतेस?"

"रात्री. अपडेट करते."

"म्हणजे लाल वाढवतेस."

हसली नाही. मला वाटलं होतं हसेल.

मी कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी, म्हणजे समोरच्याला उत्तर आपण द्यायचं नसतं, त्याच्याकडे ते असतंच, आपण फक्त ते बाहेर यायला जागा करायची, यावर माझा मनापासून विश्वास आहे. इतकी वर्षं या खुर्चीत बसून तो वाढलाच आहे. पण म्हणून माहिती द्यायचीच नाही असं नाही. काही भीती नुसत्या खऱ्या माहितीने पळते, तिथे उगाच बालपण खणत बसू नये. म्हणून मी तिला पेन दिलं आणि म्हटलं, प्रत्येक लाल ओळीसमोर दोन गोष्टी लिही, हे कोण मागतंय आणि कधी मागतंय. फोन आहेच हातात, ऑफिशियल नियम उघड आणि बघ. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि कोचिंगवाल्यांची पत्रकं चालणार नाहीत.

यातून जे निघालं ते सगळ्यांच्या कामाचं आहे म्हणून सांगते.

आपल्याकडे पीएचडीचे नियम यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) नोव्हेंबर 2022 मध्ये नव्याने काढलेत. मास्टर्सला 55 टक्के लागतात, राखीव वर्गांना 5 टक्क्यांची सूट आहे. सईचे 61, म्हणजे ही ओळ आधीपासूनच हिरवी होती. चार वर्षांची डिग्री केलेल्यांना 75 टक्क्यांवर मास्टर्सशिवाय सुद्धा येता येतं. मग प्रवेश परीक्षा नाहीतर नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा), आणि मुलाखत. आत गेल्यावर किमान 12 क्रेडिटचं कोर्सवर्क, त्यात 55 टक्के, मग दर सेमिस्टरला आपल्या सल्लागार समितीपुढे काय केलं ते मांडायचं, शेवटी थीसिस आणि सगळ्यांसमोर व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. कमीत कमी 3 वर्षं आणि जास्तीत जास्त 6. मुलींना वर 2 वर्षं वाढवून मिळू शकतात आणि बाळंतपणाची 240 दिवसांपर्यंत रजा आहे (हे वाक्य मी आज्यांसाठी मुद्दाम मोठ्याने म्हणते).

आणि ती सगळ्यात जाड अक्षरात लाल केलेली ओळ, 'दोन पेपर पब्लिश्ड'? कोण मागतंय? प्रवेशाला यूजीसी मागत नाही. आधी निदान थीसिस देताना एक शोधनिबंध सक्तीचा होता, 2022 च्या नियमांत ती सक्ती पण काढली. काही संस्था स्वतःचे नियम लावतात, ते त्या त्या ठिकाणी वाचायचे, पण तेसुद्धा थीसिसच्या वेळचं. अजून अ‍ॅडमिशन नाही आणि पेपर नाही म्हणून रडायचं, हे म्हणजे साखरपुड्याच्या आधीच बारशाचा पाळणा कुठे टांगायचा म्हणून भांडण्यासारखं आहे.

अमेरिकेच्या रकान्यात 'जीआरई बायोकेमिस्ट्री सब्जेक्ट टेस्ट' असं होतं (जीआरई म्हणजे तिकडच्या पुढच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा). न्यू जर्सीच्या काकांनी सांगितलेलं. ती परीक्षा बऱ्याच वर्षांपूर्वीच बंद झाली. बऱ्याच बायॉलॉजीच्या प्रोग्रॅमना आता साधी जीआरई पण लागत नाही. तिकडे मागतात ते वेगळंच, का करायचंय हे स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं, आणि बहुतेक ठिकाणी तीन शिफारसपत्रं. अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी डिसेंबरच्या सुरुवातीला असते, तेव्हा सर लोकांना सप्टेंबरात विचारा, नोव्हेंबरच्या शेवटी रडत नका जाऊ. पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये थोडे थोडे महिने काम करून बघायचं आणि मग गाइड ठरवायचा, साधारण दुसऱ्या वर्षी क्वालिफाइंग परीक्षा, बरेचदा स्वतःचा रिसर्च प्रपोजल लिहून चार-पाच प्रोफेसरांसमोर बचाव करायचा. पीएचडीला फी सहसा माफ असते आणि स्टायपेंड मिळतो. मास्टर्सचं मात्र तसं नाही, ते बहुतेक खिशातून, त्यामुळे 'आधी तिकडे एमएस कर मग बघू' म्हणणाऱ्या काकांना आकडा विचारा.

नेटच्या ओळीवर तिने लिहिलं होतं, 'पूर्ण सिलॅबस होत नाही'. मी तिला पेपर कसा असतो ते विचारलं, तिलाच सांगायला लावलं. सीएसआयआर नेट लाइफ सायन्सेस, 3 तास, 200 मार्क. ए भागात 20 पैकी 15 प्रश्न सोडवायचे, बी मध्ये 50 पैकी 35, सी मध्ये 75 पैकी 25. सांगता सांगता तीच थांबली.

"सी मध्ये 50 प्रश्न सोडायचेच असतात."

"मग सगळं येणं कोण मागतंय?"

तिने पेनने ती ओळ खोडली. उलट चुकलं तर त्या प्रश्नाच्या मार्कांच्या 25 टक्के मार्क जातात, म्हणजे जे येत नाही ते सोडता येणं हीच तिथली लायकी.

असं करत करत पान जवळजवळ आटपलं. शेवटी एक ओळ उरली, लाल, आणि त्यात एकच शब्द, 'हात'. कोण मागतंय, कधी मागतंय, दोन्ही रकाने रिकामे.

मी काही बोलले नाही. अशा वेळी नवीन समुपदेशक घाई करतात, मला आता घाई होत नाही. खाली रस्त्यावर भाजीवाल्याचं आणि कुणाचं तरी गुजरातीत जोरदार चाललं होतं, ते आम्ही दोघींनी बराच वेळ ऐकलं.

मग म्हणाली, "लॅबमधले सीनियर म्हणाले होते. तुला थिअरी येते पण हात नाही."

एमएस्सीच्या डेझर्टेशनच्या, म्हणजे शेवटच्या प्रोजेक्टच्या वेळची गोष्ट. तिला एक एन्झाइम शुद्ध करायचं होतं, म्हणजे पेशींच्या रगड्यातून एवढं एकच प्रोटीन वेगळं काढायचं. कॉलममधून, म्हणजे प्रोटीन धरून ठेवणाऱ्या भरलेल्या नळीतून पाठवायचं, ते आत चिकटतं, मग मिठाचं पाणी वाढवत नेलं की ठराविक जागी सुटून बाहेर येतं. तिचं येतच नव्हतं. सगळ्यांचं येतं, हिचं गायब. सीनियरने दोनदा बघितलं आणि हाताचा निकाल लावून मोकळा झाला.

"मग तू काय केलंस?"

"काही नाही. म्हणजे, शोधलं."

"काय शोधलंस?"

आणि मग ही मुलगी, जी मला एका वाक्यात उत्तरं द्यायची, ती श्वास न घेता बोलायला लागली. की तिचा बफर, म्हणजे पीएच (आम्लतेचं माप) स्थिर ठेवणारं द्रावण, ट्रिस नावाच्या रसायनाचा होता, त्याचा पीएच तिने टेबलावर 25 डिग्रीला 8 लावला होता पण कॉलम चालायचा कोल्ड रूममध्ये 4 डिग्रीला, आणि ट्रिसची खोडच अशी की एक डिग्री थंड झाला की पीएच साधारण 0.03 ने चढतो, म्हणजे आत गेल्यावर 8 चा 8.6 झालेला, त्यामुळे प्रोटीनवर निगेटिव्ह चार्ज वाढून ते कॉलमला आणखी घट्ट धरून बसायचं आणि नेहमीच्या मिठाला सोडायचंच नाही. हरवलेलं नव्हतंच, आत होतं. बाकीचे जुना साठवलेला बफर वापरायचे, तो कोल्ड रूममध्येच सेट केलेला, म्हणून त्यांचं येत होतं. तिने पीएच मीटरच आत नेला, थंडीत बसून बफर पुन्हा लावला, आणि आलं. माझ्या पॅडवर तिने दोन आलेख काढून दाखवले, आधीचा आणि नंतरचा, नंतरच्यातला उंचवटा पेन दाबून दाबून गिरवला.

"हे कुणाला सांगितलंस?"

"सबमिशन दोन दिवसांवर होतं. सीनियरला काय सांगणार. सरांना पण नाही सांगितलं."

मी सायन्सची नाही, बीए सायकॉलॉजी, पण पीएचडीच्या मुलाखतीत मुलांना काय विचारतात हे ऐकून ऐकून मला पाठ झालंय. तुझा प्रोजेक्ट काय होता, काय चाललं नाही, का चाललं नाही, मग काय केलंस. अमेरिकेतल्या त्या क्वालिफाइंगला पण फिरून फिरून हेच. मी तिला एवढंच म्हटलं, "सई, तू आत्ता जे सांगितलंस ते या तीन पानांत कुठल्या ओळीत आहे?"

शोधायला लागली, खरंच पानावर बोट फिरवत. मग रडली. बऱ्यापैकी रडली.

माझं मत आता पक्कं झालंय. एलिजिबल आहे का हा प्रश्न घेऊन येणाऱ्या बहुतेक मुलांना नियम माहीत नसतात असं नाही, माझ्यापेक्षा जास्त माहीत असतात. कुणीतरी, कधीतरी, जाता जाता एक वाक्य टाकलेलं असतं, आणि ते नियमांच्या यादीत जाऊन बसतं, यूजीसीच्या अटींच्या रांगेत, तेवढ्याच वजनाने. ते वाक्य मिळेपर्यंत कितीही माहिती द्या, मूल दुसऱ्या दिवशी नवीन लाल ओळ घेऊन येतं. म्हणून आईबाबांनो, यादीतलं कुठलं कलम तुमच्या तोंडचं आहे ते पण एकदा बघा. सईच्या पानावर 'वय' अशी एक ओळ होती आणि त्यापुढे 'कोण मागतंय' मध्ये तिने 'बाबा' लिहिलं होतं. ते पान तिच्या संमतीने मी बाबांना दाखवलं. नंतर बराच वेळ ते खरंच मध्ये बोलले नाहीत.

पैशांचं पण सांगितलं त्यांना, कारण तो त्यांचा हक्काचा प्रश्न. जेआरएफ (नेटमधून मिळणारी ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000, मग 42,000, वर घरभाडं. 2024 पासून नेटचे तीन गट झालेत, त्यातल्या तिसऱ्यात आलं तर पीएचडीला अर्ज करता येतो पण फेलोशिप आपोआप येत नाही, तेव्हा निकाल लागला की गट बघा, नुसतं 'क्वालिफाइड' वाचून पेढे वाटू नका. आणि लाइफ सायन्समध्ये 3 वर्षांत होईल असं मनात धरू नका, 5 धरा.

सई आधी सरांना जाऊन भेटली, ट्रिसचं सगळं सांगितलं. सर म्हणाले, हे रिपोर्टमध्ये का नाही लिहिलंस, आणि शिफारसपत्रात स्वतःहून ते घातलं. नेटला ती तिसऱ्या गटात आली, जेआरएफ हुकली, एक दिवस फोन बंद ठेवला तिने. पण तिसऱ्या गटात नेटच्या मार्कांना 70 टक्के वजन असतं आणि मुलाखतीला 30, आणि त्या 30 मध्ये तिने कोल्ड रूम मांडली. अ‍ॅडमिशन झालं. जेआरएफसाठी ती पुन्हा बसणार आहे, तोवर एका प्रोजेक्टवर पगार आहे, फार नाही. सध्या कोर्सवर्क चालू आहे, बायोस्टॅटिस्टिक्स तिला मुळीच आवडत नाही, आणि त्यात 55 आणायचेत.