ऐंशी जनुकं तपासायची की दोनच, आणि आधी कुणाची?

तुमच्या आईला ४४व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला, तिच्या वडिलांना स्वादुपिंडाचा. डॉक्टर तुम्हाला पॅनेल टेस्ट करा म्हणतात, म्हणजे कर्करोगाशी संबंधित ऐंशीएक जनुकं एकदम तपासायची. तुमचं म्हणणं, स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेली बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही दोन जनुकं तपासली की पुरे, बाकीचं कळून नुसती झोप उडायची. माझं मत पॅनेलच्या बाजूने आहे. पण आधी तुमचं रक्त देऊ नका, आईचं द्या. पॅनेल केवढं मोठं घ्यायचं यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

आमच्याकडे नेमकं उलटं झालं. बहिणीला ३९व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. तिची केमो चालू होती, तिला आणखी त्रास कशाला म्हणून २०१० मध्ये मी एकटीनेच टेस्ट केली. तेव्हा टेस्ट म्हणजे ती दोनच जनुकं. रिपोर्ट निगेटिव्ह आला, घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्या निगेटिव्हला फारसा अर्थ नव्हता हे मला आठ वर्षांनी कळलं. बहिणीच्या जनुकांत कुठला दोष आहे हेच माहीत नसताना तो माझ्यात नाही असं कोण सांगणार? २०१८ मध्ये तिचं पॅनेल केलं आणि पीएएलबी२ या जनुकात दोष सापडला. मग माझी फक्त तेवढी एकच जागा तपासली. दोष माझ्यातही होता. या जनुकातल्या दोषाने ८० वर्षांपर्यंत स्तनाच्या कर्करोगाची शक्यता ५० टक्क्यांच्या आसपास जाते, आणि मी ती आठ वर्षं एकही एमआरआय न करता निर्धास्त काढली.

म्हणून आधी आई. तिच्यात दोष सापडला तर तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी, आणि तुमची तपासणी त्या एकाच जागेची, सोपी. तुमच्यात तो निघाला नाही तर ते खरं निगेटिव्ह. आईतच काही सापडलं नाही तर तुम्ही बहुधा टेस्टच्या वाटेला जायचं कारण नाही. घरातला इतिहास बघून डॉक्टर मॅमोग्राफी कधीपासून ते ठरवतील. आई म्हणेल, आता माझं काय राहिलंय. तिला सांगा, तिच्या दुसऱ्या स्तनाचा आणि अंडाशयांचा प्रश्न अजून आहे. शिवाय बीआरसीएचा दोष असेल तर ओलापॅरिबसारखी औषधं काही रुग्णांना चालतात.

दोनच जनुकं आपल्या डोक्यात का बसली आहेत, त्यालाही कारण आहे. जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या जनुकाची १७व्या गुणसूत्रावरची जागा दाखवली, १९९४ मध्ये बीआरसीए१ हाती आलं, पुढच्या वर्षी बीआरसीए२. अमेरिकेत या दोन्ही जनुकांची पेटंट्स एका कंपनीकडे होती. निसर्गात आहे तसा डीएनए कुणाच्या मालकीचा होऊ शकत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं आणि त्यानंतर पॅनेलचं पीक आलं. पण तुमच्या आजोबांचं स्वादुपिंड दोन जनुकांत मावत नाही. स्तनाचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग एकाच घरात दिसला की बीआरसीए२ बरोबर पीएएलबी२ आणि एटीएम (पैसे काढायचं ते नव्हे) हीसुद्धा बघावी लागतात.

झोप उडायची भीती मात्र खोटी नाही. पॅनेल जितकं मोठं, तितके 'अर्थ अनिश्चित' असा शेरा मिळालेले बदल जास्त. रिपोर्टात व्हीयूएस लिहिलेलं असतं ते हेच. त्यावर ऑपरेशन करायचं नाही, नातेवाइकांना त्यासाठी तपासायला लावायचं नाही. बहिणीच्या रिपोर्टात एमएसएच६ या जनुकात असा एक बदल होता; तीन वर्षांनी लॅबने कळवलं, निरुपद्रवी. यातले बरेचसे पुढे असेच निकाली निघतात. खरी अडचण अनपेक्षित सापडणाऱ्या गोष्टींची. सीडीएच१ या जनुकात दोष निघाला की घरात कुणाला जठराचा कर्करोग नसतानाही जठर काढण्याची चर्चा सुरू होते. म्हणून रक्त देण्याआधी जनुकीय समुपदेशकाशी बसा आणि यादीतल्या कुठल्या जनुकासाठी पुढे काय करायचं हे ठरलेलं आहे, ते विचारा. खरं सांगायचं तर ऐंशीचा आग्रह मलाही नाही. तीस-पस्तीस नीट निवडलेली जनुकं असतील तर तुमच्यासाठी पुष्कळ. यादीच्या शेपटातल्या अनेक जनुकांचं करायचं काय हे अजून डॉक्टरांचंही ठरलेलं नसतं.

थुंकी पाठवून घरबसल्या करायच्या किटवर विसंबू नका, त्यातली बरीच मोजक्याच जागा बघतात. टेस्टमध्ये जनुकाचे मोठे तुकडे गळालेले किंवा दुप्पट झालेले पकडतात का, हेही विचारून घ्या. आयुर्विमा काढायचा असेल तर त्याचे नियम आधी बघा. आणि वडिलांकडचाही इतिहास विचारा. आत्याला काय झालं होतं हे मला माझ्या टेस्टनंतर कळलं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

आईत काही सापडलं तर मामांना रिपोर्टची प्रत द्या. पुरुषांनाही हे लागू आहे. बीआरसीए२ मधल्या दोषामुळे प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आमच्या मामाने दीड वर्ष पाकीट उघडलं नाही. शेवटी मामेबहिणीने ते त्याच्या कपाटातून काढून घेतलं आणि मला फोन केला.