चहाच्या रंगाची वाईन

प्रश्न : ताई, माझा भाचा जहाजावर आहे. या खेपेला त्याने इटलीहून वाईनच्या दोन बाटल्या आणल्या. लेबलवर पांतेलेरिया हे बेटाचं नाव आणि झिबिब्बो हे द्राक्षाचं. ही ऑरेंज वाईन, असं तो म्हणाला. फ्रिजमधून काढून लगेच ओतली, तर रंग कोऱ्या चहासारखा, तळाला गाळ, चव तुरट. संत्र्याचा मागमूस नाही! बिघडलीय म्हणून ह्यांनी अर्धी बाटली बेसिनमध्ये ओतली. दुसरी फ्रिजच्या वर ठेवलीय. उघडू की कुणाला देऊन टाकू? आणि हे द्राक्ष खरंच त्या बेटाचं आहे का?
— म. क., विलेपार्ले

उत्तर : देऊ नका. तुम्ही लिहिलेल्या रंग, गाळ आणि तुरटपणा या तिन्ही गोष्टी त्या वाईनच्या अंगच्याच आहेत. ती अर्धी बाटली गेली याचं मला मनापासून वाईट वाटलं.

संत्र्याचा हिच्याशी काही संबंध नाही. ‘ऑरेंज’ हा नुसता रंग. हे नाव एका ब्रिटिश वाईन-व्यापाऱ्याने २००४ साली इटलीच्या सिसिली बेटावर काम करताना दिलं. रीत मात्र फार जुनी. जॉर्जिया या देशात जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत अशी वाईन हजारो वर्षं होत आली आहे.

घरी एक करून बघा. एक हिरवं द्राक्ष सोला. आधी नुसता गर खा, मग साल सावकाश चावा. गर गोड आणि आंबट, बस. सालीत तुरटपणा आहे, वास आहे, जिभेला खरखर आहे. नेहमीच्या व्हाइट वाईनसाठी द्राक्षं दाबून रस लगेच वेगळा काढतात, साली बाजूला पडतात. रेड वाईनमध्ये काळी द्राक्षं सालींसकट आंबवतात. ऑरेंज वाईन म्हणजे पांढरी, म्हणजे आपली हिरवी, द्राक्षं, पण रीत रेडची. काही दिवस, कधी काही महिने रस सालींबरोबरच राहतो. वर आलेला चोथा पुन्हापुन्हा खाली दाबतात. तुमच्या ग्लासात तो चहाचा रंग आला तो तिथूनच.

आता द्राक्षाचं. झिबिब्बो हे नाव अरबी ‘झबीब’वरून आलं, म्हणजे मनुका. मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया म्हणतात तेच हे द्राक्ष, म्हणजे कूळ बाहेरचं. पण पांतेलेरियात ते इतकं मुरलंय की मी त्याला बेटाचंच म्हणते. हे बेट सिसिली आणि ट्युनिशियाच्या मधे, किंबहुना ट्युनिशियाला अधिक जवळ. जमीन ज्वालामुखीची, दगड काळा, वारा सतत. म्हणून तिथे वेल मांडवावर चढवत नाहीत. जमिनीत खळगा करून त्यात बुटक्या झुडपासारखा वाढवतात, म्हणजे वारा वरून जातो आणि ओल टिकते. या पद्धतीला २०१४ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, आणि ते योग्यच झालं. सिसिलीच्या मातीतलंच द्राक्ष चाखायचं असेल तर कतार्रात्तो बघा. त्याचा आणि झिबिब्बोचा संकर म्हणजे ग्रिल्लो.

मस्कत जातीच्या द्राक्षांचा सुगंध बराचसा सालीत असतो, म्हणूनच झिबिब्बोला ही रीत मानवते. गेल्या ऑक्टोबरात गिरगावात मैत्रिणीकडे मी अशीच बाटली चाखली. थंडगार असताना पहिला घोट नुसता कडवट लागला, वास जवळजवळ नाहीच. ग्लास तसाच ठेवून आम्ही बोंबील तळायला घेतले. अर्ध्या तासाने नाक नेलं तर जर्दाळू, वाळलेली संत्र्याची साल, आणि मागे मोगऱ्यासारखं काहीतरी. रव्यातल्या बोंबलाचा तुकडा खाऊन घोट घेतला, तेव्हा मघाचा तुरटपणा तेल कापत गेला. जेवणावर ताक प्यावं तसं तोंड स्वच्छ! डाळिंब्यांच्या उसळीबरोबर तर त्याहून छान, कारण वालाचा कडसरपणा आणि सालीचा एकमेकांना ओळखतात. श्रीखंड किंवा बासुंदी मात्र सोबत नको, वाईन उगाच कडू लागते. झणझणीत रस्साही नको, तिखट अधिक भडकतं.

तुमची चूक एवढीच झाली की वाईन फार गार होती. बारा ते चौदा अंश तिला पुरे. मुंबईच्या हवेत फ्रिजमधून काढून वीस-पंचवीस मिनिटं बाहेर ठेवली की झालं. गाळ नको असेल तर आदल्या दिवशी बाटली उभी ठेवा आणि हलक्या हाताने ओता. पोटात गेला तरी काही होत नाही. खरोखर बिघडलेली वाईन नाकाला कळते. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा झणका येतो, नाहीतर पावसाळ्यात कपाटामागे भिजलेल्या पुठ्ठ्याचा कुबट वास. तसं असेल तर खुशाल ओतून द्या. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते. मला दुसऱ्या दिवशी ती अधिक आवडली.

मात्र दुसरी बाटली फ्रिजवरून आजच काढा. त्याच्या मागून दिवसभर गरम हवा येते. मी एकदा दुकानाच्या उन्हातल्या काचेमागची बाटली घेऊन फसले, आतली वाईन शिजल्यासारखी लागत होती. बाटली मधल्या खोलीतल्या कपाटात तळाच्या कप्प्यात, जुन्या साडीत गुंडाळून आडवी ठेवा. बोंबील ताजे मिळाले की त्या दिवशी काढा, आणि पहिला ग्लास ह्यांना द्या.