वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतली स्पॅनिश, कुणाची कौतुकाची, कुणाची संशयाची

अमेरिकेची भाषा इंग्रजी. मग तिथले नेते भाषणात मध्येच स्पॅनिश का बोलतात? फक्त मतांसाठी?
— वाचक, पुणे

इंग्रजी ही अमेरिकेची राजभाषा असल्याचा आदेश अध्यक्ष ट्रम्प यांनी १ मार्च २०२५ रोजी काढला. तोवर तीसेक राज्यांनी आपापल्यापुरते तसे कायदे केले होते, पण संपूर्ण देशाला राजभाषा नव्हती. शिवाय हा अध्यक्षांचा आदेश आहे, संसदेचा कायदा नव्हे. त्यामुळे मतपत्रिकांबाबतची १९७५ सालची कायद्यातली तरतूद त्याने रद्द होत नाही. एखाद्या काउंटीत (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) इंग्रजी नीट न येणारे, एकाच भाषागटातले मतदार-वयाचे नागरिक दहा हजारांहून जास्त किंवा पाच टक्क्यांहून जास्त असतील आणि त्यांच्यातलं निरक्षरतेचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा अधिक असेल, तर तिथे मतदानाचं साहित्य त्यांच्या भाषेत द्यावं लागतं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात बंगाली मतपत्रिका मिळते ती याच तरतुदीमुळे.

स्पॅनिश तिथे पाहुणी म्हणून आलेली नाही. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा मोठा प्रदेश अमेरिकेकडे गेला, १८९८ च्या स्पेनबरोबरच्या युद्धानंतर पोर्तो रिको हे कॅरिबियन बेट गेलं. माणसं जागच्या जागी राहिली, सरहद्द सरकली. आज घरात स्पॅनिश बोलणारे चार कोटींहून अधिक आहेत.

मतांचा हिशेब अर्थातच असतो. जॅकलिन केनेडी यांनी १९६० मध्ये पतीच्या प्रचारासाठी स्पॅनिशमध्ये टीव्हीवर आवाहन केलं होतं. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ५ मे २००१ चं साप्ताहिक रेडिओ भाषण स्पॅनिशमध्येही दिलं. भाषा खरोखर येते की चार वाक्यं पाठ आहेत, हे ओळखायचं असेल तर भाषणापेक्षा प्रश्नोत्तरं पाहा. जून २०१९ मध्ये मायामीला अध्यक्षपदाच्या इच्छुकांची वादफेरी (जाहीर चर्चा) झाली, तिथे टेक्सासचे नेते बेटो ओ'रूर्क यांना करांच्या दराबद्दल थेट प्रश्न होता. उत्तर देता देता ते स्पॅनिशकडे वळले आणि मूळ प्रश्न तसाच राहिला. याउलट सिनेटर टिम केन यांनी कायद्याचं शिक्षण थांबवून १९८०-८१ मध्ये होंडुरासमध्ये जेझुइट मिशनऱ्यांबरोबर काम केलं आणि तिथे स्पॅनिश शिकले. ११ जून २०१३ रोजी त्यांनी स्थलांतर विधेयकावर सिनेटमध्ये पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत स्पॅनिशमध्ये भाषण केलं. सिनेटच्या इतिहासात असं प्रथमच घडलं.

मात्र कौतुक सगळ्यांच्याच वाट्याला येत नाही. जॉर्ज बुश यांचे भाऊ जेब बुश अस्खलित स्पॅनिश बोलतात, त्यांच्या पत्नी मूळच्या मेक्सिकोच्या. २०१५ मध्ये त्यांनी अध्यक्षपदाच्या प्रचारात स्पॅनिश वापरली, तेव्हा अमेरिकेत असताना त्यांनी इंग्रजीच बोलावं, असं ट्रम्प यांनी सुनावलं.

हुलियान कास्त्रो यांचं आडनाव स्पॅनिश, आजी मेक्सिकोची, तरी त्यांना स्पॅनिश सफाईने बोलता येत नाही. असं कसं?
— वाचक, नागपूर

कास्त्रो हे टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहराचे माजी महापौर. यात त्यांचा दोष शोधण्याआधी टेक्सासच्या शाळा पाहाव्या लागतील. टेक्सासने १९१८ मध्ये इंग्रजीखेरीज अन्य भाषेतून शिकवणं गुन्हा ठरवलं आणि ही बंदी १९६९ पर्यंत टिकली. मार्फा गावात मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी वेगळी ब्लॅकवेल शाळा होती. तिथे १९५४ मध्ये मुलांकडून चिठ्ठ्यांवर 'मी स्पॅनिश बोलणार नाही' अशा अर्थाचं लिहून घेतलं, त्या चिठ्ठ्या पेटीत घातल्या आणि शाळेच्या आवारात खड्डा खणून स्पॅनिशचा 'दफनविधी' केला. बोलताना सापडलेल्या मुलाला लाकडी फळीने मार मिळे. ही शाळा आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. त्याचा कायदा ऑक्टोबर २०२२ मध्ये झाला.

मार खाल्लेली मुलं मोठी झाली आणि आपल्या पोरांवर ही वेळ नको म्हणून घरात इंग्रजी बोलू लागली. आजी स्पॅनिश बोलते, आई दोन्ही बोलते, नातवाला समजतं पण बोलताना अडखळतो. टेक्सासमधल्या असंख्य घरांत हेच झालं. कास्त्रो स्वतःही आधीच्या पिढीच्या या शिक्षेकडेच बोट दाखवतात. टेक्सासचीच गायिका सेलेना इंग्रजी बोलत वाढली आणि गाण्यांसाठी तिला स्पॅनिश शिकावी लागली.

पुढे टोमणे आपल्याच माणसांकडून येतात. प्यू या संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७८ टक्के लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळांचे लोक) म्हणाले की लॅटिनो असण्यासाठी स्पॅनिश येणं गरजेचं नाही. पण ज्यांना स्पॅनिश जेमतेम येते किंवा येतच नाही, त्यांच्यातल्या ५४ टक्क्यांना दुसऱ्या लॅटिनोंनी त्यावरून खजील केलं होतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये अध्यक्षपदाच्या रिपब्लिकन इच्छुकांच्या वादफेरीत मार्को रुबिओ यांनी टेड क्रूझ यांना स्पॅनिश येत नसल्याचा टोला मारला आणि क्रूझ यांनी तिथल्या तिथे मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये आव्हान दिलं. दोघेही क्यूबन वंशाचे! आम्हांला हा अन्याय वाटतो. ज्या घरातून भाषा मारून काढली, त्याच घरातल्या माणसाकडे ती का येत नाही असा जाब मागितला जातो. परक्याने चार शब्द शिकले की टाळ्या पडतात.

बॅड बनी अमेरिकन नागरिक आहे ना? मग त्याच्या स्पॅनिश गाण्यावरून वाद का? आणि ग्रॅमीतलं सबटायटलचं प्रकरण काय होतं?
— वाचक, कोल्हापूर

तो पोर्तो रिकोचा, आणि तिथली माणसं १९१७ च्या कायद्याने अमेरिकेची नागरिक आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतरातल्या कार्यक्रमासाठी त्याची निवड जाहीर झाली, तेव्हा 'इंग्रजीत गाणारा अमेरिकन कलाकार हवा' अशी ओरड झाली. ओरडणाऱ्यांपैकी अनेकांना हे नागरिकत्व ठाऊकच नसावं.

फेब्रुवारी २०२३ च्या ग्रॅमी सोहळ्यात तो गायला, पुरस्कार घेताना बोललाही. कर्णबधिर प्रेक्षकांसाठी पडद्यावर जी ओळ येते, तिथे शब्दांऐवजी 'इंग्रजीखेरीज भाषेत गात आहे' एवढंच आलं. टीका झाल्यावर वाहिनीच्या प्रमुखांनी चूक मान्य केली. थेट कार्यक्रमात ही ओळ स्टेनो यंत्रावर टाइप होते. त्याच्या कळा ध्वनी नोंदवतात आणि जोडलेला शब्दकोश त्यांचे शब्द बनवतो. शब्दकोश इंग्रजीचा आणि टंकलेखकाला स्पॅनिश येत नसेल, तर निरर्थक अक्षरं उमटतात. म्हणून कंसात शेरा टाकून मोकळं होतात. उपाय अवघड नाही. गाण्याचे शब्द आधी मागवून भरून ठेवता येतात आणि भाषणासाठी स्पॅनिश जाणणारा दुसरा टंकलेखक जोडीला बसवता येतो. नामांकनं आधीच जाहीर झालेली असताना ही तयारी न होणं म्हणजे या प्रेक्षकाची आठवणच न होणं.

पोप लिओ शिकागोचे. मग निवडीनंतर सज्जातून ते इंग्रजीत का बोलले नाहीत?
— वाचक, वसई

८ मे २०२५ रोजी ते मुख्यतः इटालियनमध्ये बोलले आणि मध्ये स्पॅनिशमध्ये चिक्लायोच्या श्रद्धावंतांना नमस्कार केला. पेरूतल्या या धर्मप्रांताचे ते २०१५ ते २०२३ बिशप होते आणि २०१५ पासून पेरूचे नागरिकही आहेत. आपल्या जुन्या लोकांशी ते त्यांच्या भाषेत बोलले, इतकी सरळ गोष्ट आहे. तरीही काही अमेरिकनांना ती खटकली.

रस्त्यात स्पॅनिश बोलल्यामुळे अडवतात, हे खरं आहे का?
— वाचक, ठाणे

खरं आहे. मे २०१८ मध्ये मोंटाना राज्यातल्या हॅवर गावी दुकानात स्पॅनिश बोलणाऱ्या दोन स्त्रियांना सीमा गस्त अधिकाऱ्याने थांबवलं. त्या भागात स्पॅनिश ऐकायला मिळत नाही म्हणून ओळखपत्र मागितलं, असं त्याने चित्रफितीत सांगितलं. दोघी अमेरिकन नागरिक होत्या. खटला २०२० मध्ये तडजोडीने मिटला. २०२५ च्या जुलैत लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशांनी स्थलांतर अधिकाऱ्यांना वंश, स्पॅनिश किंवा हेल असलेलं इंग्रजी, ठिकाण आणि कामाचा प्रकार एवढ्याच आधारावर अडवायला मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ८ सप्टेंबर २०२५ रोजी त्या मनाईला स्थगिती दिली. 'हेल असलेलं इंग्रजी' हे शब्द मराठी माणसानेही नीट वाचावेत.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी बालवाडीत जाईल. शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहावी का? स्पॅनिश वर्गात घातलं तर मराठी मागे पडेल का?
— वाचक, एडिसन

मराठीच लिहा. त्यानंतर शाळा मुलीची इंग्रजीची चाचणी घेईल. ती पार केली तर नेहमीचा वर्ग, नाहीतर इंग्रजीसाठी जादा मदत. ही मदत लेखी नाकारण्याचा हक्क पालकांना असतो. 'मागे टाकतील' या धास्तीने इंग्रजी लिहिलं, तर गरज असलेल्या मुलालाही मदत मिळत नाही.

द्विभाषिक वर्ग दोन पद्धतींचे असतात. एकात सुरुवातीला नव्वद टक्के शिक्षण स्पॅनिशमध्ये असतं आणि दरवर्षी कमी होत ते निम्म्यावर येतं. दुसऱ्यात पहिल्यापासून निम्मं-निम्मं. प्रवेश बालवाडी किंवा पहिलीतच घ्या. नंतर वाचन स्पॅनिशमध्ये सुरू झालेलं असतं आणि नवं मूल बुजतं. आपल्या मुलांना त आणि द सहज जमतात, तू-तुम्हीचा फरकही घरातच कळलेला असतो. अडतं ते ताणून फिरवायच्या र ला, आणि लिहिताना न उच्चारल्या जाणाऱ्या 'एच' ला.

मराठी मागे पडते ती स्पॅनिशमुळे नव्हे, घरात मराठीत वाचन नसल्यामुळे. बारावीच्या पदवीवर मिळणारी 'सील ऑफ बायलिटरसी' ही द्विभाषा-मुद्रा मराठीची परीक्षा देऊनही मिळवता येते. त्यासाठी बोलण्याबरोबर लिहिणंही तपासतात आणि छान मराठी बोलणारी मुलं नेमकी देवनागरी लिहिण्यात अडकतात. म्हणून पहिलीपासूनच आठवड्यातून दोनदा दहा ओळी हाताने लिहून घ्या, जवळच्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत नाव घाला आणि परीक्षेच्या नोंदणीबद्दल हायस्कूलच्या समुपदेशकाला अकरावीतच विचारा.