खोली ३५ अंश, प्रोसेसर ९५ अंश

घोडबंदर रोड, ठाणे : माझ्याकडे एएमडीचा रायझन ५ ७६००एक्स प्रोसेसर आहे, वर ड्युअल टॉवर एअर कूलर. यूट्यूबवर याच जोडीला ८०च्या आत दाखवतात. माझ्याकडे रेंडर (व्हिडिओ तयार करण्याचं जड काम) लावला की दोन मिनिटांत ९५. खोलीत एसी नाही. ३६० एमएमचा लिक्विड कूलर घेऊ का?

आधी टेबलावर एक साधा थर्मामीटर ठेवा. परदेशातल्या चाचण्या बहुतेक वेळा विशीतल्या तापमानात होतात. कूलर हवेचा असो की पाण्याचा, शेवटी तो उष्णता खोलीतल्या हवेतच सोडतो. आडातच गारवा नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? २२ अंशांच्या खोलीत ७८ दाखवणारा प्रोसेसर तुमच्या ३४ अंशांत ९०च्या आसपास जाणारच. सीलिंग फॅनवर भिस्त ठेवू नका. पंख्याखाली तुम्हाला बरं वाटतं, कारण घाम सुकतो. कॅबिनेटला घाम येत नाही.

दुसरं कारण या प्रोसेसरच्या घडणीत आहे. आतली चिप अगदी लहान, आणि आधीच्या एएम४ सॉकेटचे जुने कूलर बसावेत म्हणून एएमडीने वरचं झाकण जाड ठेवलं. उष्णता कूलरपर्यंत पोहोचतानाच अडते, त्यामुळे लिक्विड कूलरचा रेडिएटर (उष्णता हवेत सोडणारी जाळी) कितीही लांब घेतलात तरी उतारा मोजक्याच अंशांचा. ९५ ही कंपनीनेच आखलेली मर्यादा आहे. तिथे पोहोचल्यावर प्रोसेसर स्वतःच क्लॉक, म्हणजे वेग, आवरता घेतो.

म्हणून पैसे खर्चायच्या आधी बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जा. तिथे पीबीओ या एएमडीच्या सेटिंगमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर आहे, त्याने प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करता येतं. सगळ्या कोअरना निगेटिव्ह १५ द्या, आठवडाभर वापरा, मग हळूहळू २०कडे सरका. काही काम चालू नसताना मशीन आपोआप रीस्टार्ट झालं, तर समजा हात जास्त पडला. पाच पावलं मागे या. तेवढ्याने भागलं नाही तर ६५ वॅटचा इको मोड लावा. प्रोसेसरच्या विजेची कमाल मर्यादा १४२ वॅटवरून ८८वर येते. रेंडरला थोडा उशीर लागेल, गेममध्ये फरक कळणारही नाही.

आणि सेटिंग पक्कं करायचं ते मे महिन्यात, दुपारी तीनला. जानेवारीच्या रात्री टिकलेलं ओव्हरक्लॉक (मुद्दाम वाढवलेला वेग) होळीनंतर दगा देतं, आणि मग लोक बिचाऱ्या रॅमला दोष देतात.

ऐरोली : इंटेलचा आय५-१२४०० प्रोसेसर आहे. चांगला कूलर लावला तर किती गीगाहर्ट्झपर्यंत नेता येईल?

नेता येणार नाही. इंटेलमध्ये सहसा नावापुढे ‘के’ असलेल्याच प्रोसेसरचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) मोकळा असतो. डब्यातला पंखा आवाज करत असेल तर साधा सिंगल टॉवर घ्या आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डासाठी ठेवा.

वाशी : पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींनाही ओल येते. लिक्विड कूलरवर दव धरून मदरबोर्ड जाईल का?

दव धरायला वस्तू आसपासच्या हवेपेक्षा थंड लागते, आणि लिक्विड कूलर तितका थंड होतच नाही. ही भीती चिलर किंवा पेल्टियर (हवेपेक्षाही थंड करणारी उपकरणं) वापरणाऱ्यांनी बाळगावी. तुम्ही पंपाकडे लक्ष द्या: पंप हा सगळ्यात उंच भाग होता कामा नये, नाहीतर हवा त्यात अडकते, गुरगुर सुरू होते आणि पंप लवकर जातो. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावलात की प्रश्न मिटला.

खारघर : आय७-१३७००के ओव्हरक्लॉक करायचा आहे. एअर की लिक्विड?

इथे मात्र ३६० एमएम लिक्विड, कारण हा प्रोसेसर टर्बोमध्ये, म्हणजे वाढीव वेगात, २५३ वॅटपर्यंत जातो. पण त्याआधी बायोस अपडेट करा. १३व्या आणि १४व्या पिढीतल्या अशा प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे बिघाड होत होता. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, ती बायोस अपडेटमधून येते) दिला आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. मी असतो तर याला ओव्हरक्लॉक केलाच नसता, उलट पॉवर लिमिट खाली आणली असती. हे २५३ वॅट उष्णता होऊन तुमच्याच खोलीत येतात, वर ग्राफिक्स कार्डाचे वेगळे. दार लावून बसणार असाल तर तासाभरात खोलीच तापेल, मग कूलर कितीही महाग असो.

कळवा : सुताराकडून केलेल्या टेबलाच्या कप्प्यात कॅबिनेट आहे. लॅमिंग्टन रोडवर दोन मोठे एअर कूलर बघितले. कोणता घेऊ?

आधी कप्प्याची मागची प्लाय कापून घ्या. बंद कप्प्यात तीच गरम हवा फिरत राहते, आणि खोलीत ३३ असले तरी कूलरला कितीतरी जास्त गरम हवा मिळते. मग कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची बघा. नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५ मिलिमीटर उंच आहे, डीपकूलचा एके६२० १६०, थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई १५५. पाच मिलिमीटरसाठी काचेचं दार उघडं ठेवावं लागलेली मशिनं भरपूर दिसतात. या तिघांत शेवटचा, थर्मलराइटचा, बसण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि किमतीच्या मानाने तो कामही चोख करतो. पुढची जाळी दर महिन्याला झटका. रस्त्यालगतच्या घरात तिच्यावर राखाडी लोकर साचायला तेवढा वेळ पुरतो.