सरकारी बँक, पण खाते नाही

प्रश्न : भाची जर्मनीत कार्ल्सरूहला असते. घरासाठी ‘एल-बँके’कडे चौकशी केली, तर कळले की तिथे बचत खातेच उघडत नाहीत. बँक राज्य सरकारची असून असे कसे? – एक वाचक, दादर

उत्तर : एल-बँक ही जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या पूर्ण मालकीची विकास बँक आहे. आपल्याकडे नाबार्डच्या दारात कोणी पासबुक मागायला जात नाही, तसेच हे.

हे राज्य 1952 साली जन्मले. बाडेन आणि व्युर्टेम्बर्गच्या जुन्या सरकारी कर्जसंस्था मात्र वेगळ्याच राहिल्या. त्या 1972 साली एकत्र आल्या आणि ‘लांदेसक्रेडिटबँक’ झाली. घरबांधणीला सरकारी कर्ज देणे हे तिचे मूळ काम, पण ती व्यापारी बँकिंगही करू लागली. डिसेंबर 1998 मध्ये तिचे दोन तुकडे केले. सरकारी योजनांचे काम एल-बँकेकडे राहिले. व्यापारी भाग 1 जानेवारी 1999 रोजी स्टुटगार्टच्या दोन बँकांबरोबर मिळून ‘एलबीबीडब्ल्यू’ ही नवी बँक झाला.

ही फारकत फार मोलाची ठरली. कारण होते सरकारी हमी. मागे राज्य उभे असले की रोखे कमी व्याजावर विकले जातात. एक कोटी युरोवर अर्धा टक्का वाचला, तरी वर्षाला 50,000 युरो होतात. खासगी बँकांनी या सवलतीविरुद्ध ब्रुसेल्सकडे, म्हणजे युरोपीय संघाकडे, तक्रार केली. 2001 च्या समझोत्यानुसार व्यापारी सरकारी बँकांची हमी 18 जुलै 2005 पासून बंद झाली. मधल्या चार वर्षांत काहींनी हमीच्या जोरावर स्वस्तात भरमसाट पैसा उचलला आणि परदेशी रोख्यांत घातला. त्यात अमेरिकेतल्या गृहकर्जांचे रोखेही होते. 2007 मध्ये ते कोसळले. सॅक्सनी राज्याची सरकारी बँक एलबीबीडब्ल्यूच्या पदरात गेली, ड्युसेलडॉर्फच्या वेस्टएलबी या तशाच बँकेचे 2012 मध्ये विभाजन झाले. एल-बँकेची हमी मात्र टिकली, कारण ती इतर बँकांशी स्पर्धा करत नाही. ठेवी घेऊ लागली, तर हा आधारच जाईल. खाते न उघडण्यामागचे खरे कारण हेच.

आता भाचीच्या कामाचे. धंद्याचे कर्ज हवे असेल, तर अर्ज नेहमीच्या बँकेमार्फत जातो. तीच कागद तपासते आणि एल-बँकेकडे पाठवते. स्वतःच्या घरासाठी राज्याच्या योजनेतले कर्ज हवे असेल, तर महापालिकेच्या किंवा जिल्हा कार्यालयाच्या गृहसाहाय्य कक्षात जावे. तिथे उत्पन्न आणि घरातली माणसे पाहतात, त्यामुळे पगाराचे पुरावे, मुलांचे दाखले आणि घराच्या खर्चाचा तपशील आधीच जुळवून ठेवावा.

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते घाईमुळे. जर्मनीत घराचा करार नोटरीसमोर होतो. तिथे सही करून मग अर्ज केला, तर ‘मदतीशिवायही व्यवहार झालाच असता’ असे धरून मदत नाकारली जाऊ शकते. म्हणून आधी अर्ज करावा. मंजुरी हातात येईपर्यंत सहीला थांबायचे का, हे त्या कक्षाकडून लेखी घ्यावे आणि मगच नोटरीची तारीख ठरवावी.