"हा काहीच खात नाही हो!"

"मॅडम, हा काहीच खात नाही. भुकेचं टॉनिक द्यायला सांगा डॉक्टरांना." आजींनी चार वर्षांच्या नातवाला पुढे केलं. वजन २१ किलो, उंची १०५ सेंटीमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार हे वजन जास्त होतं. आजींना पटेना. "बाळसं आहे, मोठा झाला की झडेल."

ही तक्रार माझ्याकडे नेहमी येते आणि ती खोटी नसते. जेवायला बसला की तो खरंच दोन घास खायचा. आईला दिवसभराचं विचारलं तेव्हा दूध निघालं. चार वेळा, चॉकलेट पावडर घालून, शेवटचं झोपताना बाटलीतून. म्हशीचं पाऊण लिटर! त्यातूनच सातशेच्या आसपास कॅलरी, साखर वेगळी. या वयाला दिवसभरात लागतात तेराशे-चौदाशे. मग वरणभाताला जागा कुठली? जेवला नाही म्हणून वर बिस्किटं, आणि मोबाइल दाखवून भरवणं.

खरं तर वर्षाचं गुटगुटीत बाळ पुढे पाच-सहा वर्षांपर्यंत शेलाटं होत जातं. घरचे त्याला 'वाळला' म्हणतात. उलट ज्यांचा हा शेलाटेपणा लवकर संपतो, त्यांना पुढे लठ्ठपणाचा धोका जास्त.

त्याला उपाशी ठेवायचं नव्हतं, वजन उतरवायचंही नव्हतं. वजन थोपलं आणि उंची वाढत राहिली की या वयात पुरतं. दूध दोन कप, साधं, पेल्यातून. जेवण ठरल्या वेळी, सगळ्यांसोबत, मोबाइलशिवाय. ताटात काय वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं ते त्याने. शिवाय दिवसभरात मिळून तीन तास हालचाल, त्यातला तासभर दमवणारा खेळ.

रात्रीची बाटली सोडवणं सगळ्यात अवघड गेलं. रडारड झाली. त्याहून अवघड आजींचं. ताट तसंच परत गेलं की त्यांचा जीव तुटायचा आणि हळूच बिस्किट पुढे व्हायचं. (माझ्या मते अशा घरात खरं समुपदेशन आजीचंच असतं.) म्हणून संध्याकाळी त्याला खाली खेळायला नेण्याचं काम त्यांच्याकडेच दिलं. खेळून आलेला मुलगा आपणहून पोळी मागतो, हे त्यांनीच पाहिलं.

सहा महिन्यांनी उंची १०८, वजन साडेएकवीस. आजींची तक्रार मात्र नवी: "दूध कमी झालं, कॅल्शियमचं काय?" दोन कप दूध, वाटीभर दही आणि नाचणीची भाकरी, एवढं पुरेसं आहे, असं सांगून पुढची तारीख दिली.