परवाना आहे म्हणजे खोदकाम नीट चाललंय का?

तुमच्या गावाशेजारच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, एका विद्यापीठाचं उत्खनन चालू आहे. त्यांच्याकडे रीतसर परवाना आहे, तरी दोन चर तुम्हाला घाईघाईत खणल्यासारखे वाटले. म्हणून तुम्ही विचारलंय की एकदा परवाना दिल्यावर कामाचा दर्जा सरकार तपासतं का, आणि तपासतं तर कोण.

मी पंचवीस वर्षं उत्खननांवर काम केलंय, त्यातली बरीचशी घोड आणि गोदावरी नद्यांच्या खोऱ्यात. माझं उत्तर असं की सरकार खणण्याआधी माणूस तपासतं आणि खणून झाल्यावर अहवाल मागतं. मधले जे चार महिने माती प्रत्यक्ष हलत असते, तेव्हा चरात उतरून थर पाहण्याची सक्ती कुणाही सरकारी अधिकाऱ्यावर नाही. मला हे फार लागतं. रस्ता वाईट झाला तर पुन्हा करता येतो. एकदा काढलेला थर परत घालता येत नाही.

प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळांचा केंद्रीय कायदा १९५८चा आणि त्याखालचे नियम १९५९चे. परवाना देताना अर्जदाराची योग्यता, उत्खनन संचालकाची पात्रता आणि पुरेसा कर्मचारीवर्ग पाहायचा असतो. अनामत घेता येते, नियमात तिची कमाल मर्यादा दहा हजार रुपये लिहिली आहे. ज्याचं नाव परवान्यावर आहे त्या संचालकाने किमान तीन चतुर्थांश काळ साइटवर हजर राहायचं. सापडलेलं बांधकाम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांच्या परवानगीशिवाय हलवायचं नाही आणि वस्तूंवर रासायनिक प्रक्रिया करायची नाही. काम संपल्यावर तीन महिन्यांत संक्षिप्त अहवाल द्यायचा. हे नियम मुख्यतः केंद्राने संरक्षित जाहीर केलेलं क्षेत्र समोर ठेवून लिहिलेले आहेत. बाहेरच्या जागेवर राज्य सरकारलाही केंद्राची आगाऊ मंजुरी लागते. तुमच्याकडच्या परवान्यावर नेमक्या कोणत्या अटी आहेत, ते प्रत मागून वाचा.

आता यातली मेख सांगतो. पुरातत्त्व अधिकारी उत्खननाची पाहणी करू ‘शकतो’, त्याने ती केलीच पाहिजे असं नाही. काम ‘समाधानकारक’ नसेल तर परवाना रद्द करता येतो, पण समाधानकारक म्हणजे काय, याची व्याख्या नाही. चराची भिंत किती वेळा तासायची, माती चाळायची की नाही, थर कुणी आणि कसे ठरवायचे, यावर नियम गप्प आहेत. ते सगळं संचालकाच्या इमानावर सोडलेलं आहे.

मी विद्यार्थी असताना एक वयस्कर अधिकारी आमच्या साइटवर आले होते. एरवी अशी भेट म्हणजे चहा, ग्रुप फोटो आणि रजिस्टरवर सही. हे गृहस्थ बूट काढून माझ्या चरात उतरले आणि म्हणाले, “बाळ, ही भिंत पुन्हा तास.” मी तासली. त्यांनी बोट ठेवलं तिथली माती जरा काळपट होती, भुसभुशीत होती, ओलही वेगळी. जोर्वे काळाच्या, म्हणजे सातवाहनांच्या कित्येक शतकं आधीच्या, थरात वरून सातवाहन काळातला एक खड्डा उतरला होता आणि त्याची कड मला दिसलीच नव्हती. दोन दिवस मी त्या खड्ड्यातली खापरं जोर्वे थराच्या पिशव्यांत भरत होतो. त्यांनी त्या सगळ्या पिशव्या बाजूला काढायला लावल्या आणि ‘मिश्र, कालनिश्चितीसाठी वापरू नये’ असं वहीत तांबड्या शाईने माझ्याच हाताने लिहून घेतलं. ते त्या दिवशी आले नसते, तर दोन संस्कृतींची खापरं एकाच काळाची म्हणून छापली गेली असती. वाचणाऱ्याला ते कधीच कळलं नसतं.

दर्जा तपासणं म्हणजे मी हे समजतो. पंचवीस वर्षांत अशी भेट मी दोनदाच पाहिली.

सरकारला आपल्याच उत्खननांचा दर्जा तपासावासा वाटला, असं पूर्वी एकदा घडलंय. १९३०च्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांना परदेशातून बोलावून भारतातल्या उत्खननांची परीक्षा घेतली गेली. त्यांनी १९३९च्या अहवालात पद्धतीवर कडक टीका केली. मोहेंजोदडोसारख्या ठिकाणी वस्तूंची नोंद मातीच्या थरानुसार न होता एका ठरावीक पातळीपासून मोजलेल्या खोलीनुसार झाली होती. जमीन उतरती असली की या पद्धतीत एकाच काळातलं सामान वेगवेगळ्या काळांत विभागलं जातं. पुढे १९४४मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. त्यांनी तक्षशिलेला प्रशिक्षण शिबिर भरवलं आणि थर वाचणं हीच कामाची कसोटी मानली. आपल्याकडे आज जे बरं काम होतं त्याचं मूळ तिथे आहे. चांगली तपासणी काय करू शकते याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

अहवालाचं मात्र दुखणं जुनं आहे. नेवाशाचं उत्खनन १९५४ ते ५६चं, त्याचा ग्रंथ १९६०मध्ये आला. पुणे जिल्ह्यातलं इनामगाव १९६८पासून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत खणलं, डेक्कन कॉलेजने १९८८मध्ये सविस्तर ग्रंथ काढला. हे वेळेत झालं. आता उलट राजस्थानातलं कालीबंगन पाहा. तिथलं खोदकाम १९६९मध्ये थांबलं, पण आद्य हडप्पा काळाचा अहवाल २००३मध्ये आला आणि हडप्पा काळाचा पहिला भाग २०१५मध्ये. तोवर खणणाऱ्यांतली कितीतरी माणसं निवृत्त झाली होती, काही हयातही नव्हती. वहीतल्या एखाद्या खुणेचा अर्थ त्यांनाच विचारता आला असता. संक्षिप्त अहवालाला मुदत आहे. सविस्तर अहवाल मात्र रेंगाळत राहतो. त्यात चाळीस वर्षंही जातात.

मग कीळडी. तमिळनाडूतलं मदुराईजवळचं हे उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१४-१५च्या हंगामात सुरू केलं. २०१७मध्ये उत्खनन प्रमुखांची बदली झाली. त्यांनी जानेवारी २०२३मध्ये ९८२ पानांचा अहवाल दिला. मे २०२५मध्ये तो दुरुस्तीसाठी परत पाठवला गेला, आणि मुख्य आक्षेप होता कालनिश्चितीवर. उत्खनकाने मात्र आपल्या निष्कर्षांत बदल करायला नकार दिला. यातल्या राजकारणात मी शिरत नाही. पण थराच्या काळाविषयी शंका असेल तर ती चर उघडा असताना, भिंतीसमोर उभं राहून विचारायची असते. तेव्हा काळ ठरवायला कोळशाचा आणखी एक नमुना घेता येतो, भिंत पुन्हा तासता येते. दहा वर्षांनी पत्रातून विचारलं की उरतो तो एका माणसाचा शब्द आणि दुसऱ्या माणसाची सही. तपासणी पद्धतीची हवी आणि वेळेवर हवी. निष्कर्षांवर वाद अभ्यासकांनी घालावा, कार्यालयाने नव्हे.

तुमच्या हातात काय आहे? बरंच आहे. साइटवर जाऊन नमस्कार करा, आरडाओरड नको. संचालक रोज असतात की शनिवारी येऊन रविवारी जातात, ते मजुरांना विचारा, तेच खरं सांगतील. चराच्या भिंती उभ्या, स्वच्छ तासलेल्या आहेत का? थरांना चिठ्ठ्या टोचल्या आहेत का? दोन चरांमध्ये मातीची भिंत राखली आहे का? खापराच्या प्रत्येक पिशवीत चर, थर, खोली आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी हवी. तुम्हाला जी घाई वाटली, ती कदाचित वरचा नांगरटीचा थर काढण्याची असेल. तो भराभर काढतात, त्यात गैर काही नाही. खाली राख, चूल, जमिनीचा चोपणा लागल्यावरही कुदळीच चालत असतील, तर मात्र लगेच लेखी कळवा. ते पत्र ग्रामपंचायतीच्या शिक्क्यासह राज्य पुरातत्त्व संचालनालयाला आणि सर्वेक्षणाच्या मंडळ कार्यालयाला पाठवा आणि त्यात पाहणीची मागणी करा. परवान्याची प्रत आणि संक्षिप्त अहवाल दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर मागता येतो.

शेतमालकालाही सांगून ठेवा, जमीन पूर्ववत करून देण्याची अट परवान्यात आहे का ते वाचून घ्या. चर मृगाआधी बुजले पाहिजेत, नाहीतर पहिल्याच पावसात भिंती ढासळतात.

आणि तुम्ही प्रश्नासोबत टाकलेल्या फोटोत मैलाचा दगड दिसतोय, त्यावरून जागा ओळखता येते; तो फोटो आजच काढून टाका. गुप्तधनवाले असल्या जागा शोधतच असतात, आणि त्यांनी एका रात्रीत केलेलं नुकसान कोणताही परवाना भरून काढत नाही.